बे हाथी छाप

१८८२ साली इंग्लंडच्या उमरावसभेपुढे, म्हणजे त्या देशातील न्यायदानाच्या अगदी शेवटच्या पायरीवर, जो एक कज्जा निकालात निघाला, त्यात तंटा जमिनीचा नव्हता, वारशाचा नव्हता, आणि कोणाच्या प्राणावरही बेतलेले नव्हते. तंटा होता दोन हत्तींचा. हे हत्ती हाडामांसाचे नव्हेत. स्कॉटलंडातील एका रंगारी कारखान्यातून मुंबई आणि एडन या बंदरांकडे जे लाल सूत रवाना होत असे, त्याच्या पुडक्यांवर एक त्रिकोणी तिकीट चिकटवलेले असे, त्या तिकिटावर हे दोघे मध्ये एक निशाण धरून उभे होते. कारखानदाराचे इंग्रजी नाव येथल्या बाजारात कोणाच्या जिभेवर नव्हते आणि ते असण्याचे कारणही नव्हते. सूत मागणारा ‘बे हाथी’ म्हणे, देणारा तेच पुडके काढून देई, आणि व्यवहार पुरा होई. हे दोन गुजराती शब्द वकिलांच्या तोंडून लंडनच्या दरबारात पोहोचले, तेथून इंग्रजी कायदेग्रंथांत गेले, आणि आजही तेथे आपल्या मूळ वेशात बसलेले आढळतात.

फिर्यादी पेढी आर्चिबाल्ड ऑर यूइंग आणि कंपनीची. प्रतिवादी जॉन्स्टन आणि कंपनी. प्रतिवादींनी त्याच जातीच्या सुतासाठी दोन हत्तींचेच एक निराळे तिकीट काढले. हत्तींची ठेवण वेगळी, भोवतीची नक्षी वेगळी, मजकूर वेगळा. दोन्ही तिकिटे टेबलावर शेजारी शेजारी मांडली, तर त्यांतला भेद कोणाही साक्षर इंग्रज व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटला नसता, आणि प्रतिवादींचा सारा भर नेमका याच गोष्टीवर होता: आमचा माल घेणारा घाऊक व्यापारी फसत नाही, तर मग फसवणूक झाली कोणाची? लॉर्ड चॅन्सेलर सेल्बोर्न आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्यातच या खटल्याचे सर्व महत्त्व आहे. माल शेवटी ज्याच्या हाती पडतो त्या माणसाकडे त्यांनी पाहिले. तो माणूस इंग्रजी वाचत नाही. दोन तिकिटे त्याच्यापुढे शेजारी शेजारी कधीच येत नाहीत. मागच्या खेपेस घेतलेल्या सुताची त्याला आठवण आहे ती इतकीच की, त्यावर दोन हत्ती होते. तेव्हा जो कोणी त्याच बाजारात तसल्याच सुतावर दोन हत्ती उभे करील, तो त्या माणसाच्या आठवणीत घुसखोरी करतो, असे ठरले, आणि मनाईहुकूम कायम झाला. लंडनमध्ये बसलेल्या विधिपंडितांना घटकाभर तरी, मुंबईच्या एखाद्या गल्लीत सूत घ्यायला आलेल्या साळ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागले, ही गोष्ट मला त्या निकालातील कायद्याहूनही अधिक मनोवेधक वाटते.

आपल्याकडे मात्र या दृष्टीची अपूर्वाई वाटण्याचे कारण नव्हते. अक्षर न वाचता खुणेवर विश्वास टाकणे हा येथला फार जुना परिपाठ. पत्राच्या शेवटी मोर्तब उठली की त्याखाली कोणालाही एक ओळ वाढवता येत नसे, हे पत्र वाचता न येणाऱ्या जासुदालाही ठाऊक असे. नाण्यांचे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. पेशवाईतल्या अंकुशी रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचे, लिपी फारसी, आणि त्या अक्षरांच्या गर्दीत एक चिमुकला अंकुश. रुपया घेणाऱ्या कुणब्याला बादशहाचे नाव वाचता येत नव्हते आणि त्याची त्याला गरजही नव्हती. अंकुश दिसला की रुपया कोणत्या टांकसाळीतला आणि बाजारात तो कोणत्या भावाने चालेल, हे त्याला समजे. लंडनच्या दरबारात हत्ती उभे राहण्याच्या कितीतरी आधी, असा हा हत्ती हाकणारा अंकुश आपल्या बाजारात खुणेचे काम करीत होता.

वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत, त्यांचा कस कमीजास्त असे, आणि सराफ तो पारखून उण्या नाण्यावर बट्टा कापून घेई. ती टांकसाळ गेली, ते सराफकट्टे गेले, तरी ‘नावाला बट्टा लागला’ हा प्रयोग आपण रोज करतो. नाव आणि नाणे यांची ही सांगड ज्या भाषेने घातली, त्या भाषेच्या लोकांना व्यापारचिन्ह म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. फक्त आपण त्याला अब्रू म्हणत होतो आणि इंग्रजांच्या कायद्याने त्याला मालमत्ता म्हटले. अब्रू वाटून घेता येत नाही, विकता येत नाही, गहाण टाकायची म्हटली तरी ती बोलण्यापुरती. मालमत्तेचे तसे नाही. अब्रूची मालमत्ता कशी झाली, याचाच इतिहास मुंबईच्या कापडबाजारात घडला.

परंतु त्या लाल सुताविषयी थोडे सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. लोमंड सरोवरातून निघून क्लाइडला मिळणाऱ्या लेव्हन नावाच्या लहानशा नदीच्या काठी हे रंगारी कारखाने होते, आणि त्यांच्या रंगाला तुर्की लाल असे नाव होते. तेल, तुरटी, शेण आणि मंजिष्ठेच्या जातीच्या एका वनस्पतीची मुळे यांच्या साहाय्याने, सूत पुनःपुन्हा भिजवून आणि वाळवून, हा रंग चढवीत. तो उन्हाने विटत नसे आणि धुतल्याने जात नसे. आपल्या हातमागावरच्या लुगड्यांच्या काठांना असला पक्का लाल हवाच होता. तोवर तो आपल्याकडे आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढीत. खानदेश-वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीत आल लावायचा, तीन-चार वर्षे वाट पाहायची, मग खोल खणून मुळे काढायची, असा तो धीराचा धंदा. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मुळांतला रंग डांबरातून काढून दाखवला, आणि पुढल्या वर्षी लंडनच्या पेटंट कचेरीत एक विलक्षण योगायोग घडला. जर्मनांचा अर्ज दाखल झाला २५ जून १८६९ रोजी. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किन याचा, स्वतंत्रपणे शोधलेल्या तशाच कृतीबद्दलचा, २६ जून रोजी. एका दिवसाच्या अंतराने दोन पक्ष एकाच दारात उभे! त्यांनी कोर्टकचेऱ्या टाळून बाजारपेठा वाटून घेतल्या, हे त्यांचे शहाणपण. मधल्यामध्ये फ्रान्सातील मंजिष्ठेची शेते थोड्याच वर्षांत ओस पडली, आणि आपल्याकडील आलाची लागवडही हळूहळू आटत गेली. ज्या शेतकऱ्याची पेरणी बुडाली, त्याला कोणी प्रतिवादीसुद्धा केले नव्हते.

शोधाची सनद आणि मालाची छाप यांतला एक भेद येथेच लक्षात येतो. पेटंट हे मुदतीचे असते. त्या काळी ते चौदा वर्षांचे होते, आणि मुदत सरली की कृती सर्वांची. छापेला तशी मुदत नाही. जोवर माल विकला जातो आणि मालक जागा राहतो तोवर ती जिवंत. हिंदुस्थानात शोधांच्या संरक्षणाचा कायदा आधी आला, छापेच्या नोंदणीचा पुष्कळ मागाहून. १८५६ च्या सहाव्या कायद्याने शोधकाला चौदा वर्षांचा एकाधिकार देऊ केला, आणि त्याच वर्षी ३ मार्च रोजी कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग नावाच्या स्थापत्यविशारदाने पहिला अर्ज गुदरला, तो पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दलचा! साहेबाच्या डोक्यावरचा झालरीचा पंखा व्हरांड्यात बसून दोरीने हलवणारा पंखेवाला, भर दुपारी डुलकी लागली म्हणून शिव्या खाणारा, तो या देशातल्या पहिल्या शोधकाच्या डोळ्यांपुढे होता. पुढे असे निघाले की, हा कायदा करण्यापूर्वी राणीसरकारची संमती घ्यावयास हवी होती आणि ती घेतलेलीच नव्हती. म्हणून १८५७ मध्ये, कंपनी सरकारच्या डोक्यावर दुसरीच आभाळे कोसळत असताना, तो रद्द करण्यात आला आणि १८५९ मध्ये पंधरावा कायदा म्हणून, फेरफार करून, पुन्हा मंजूर झाला. १८७२ मध्ये नक्षी व नमुने यांनाही त्यात आसरा मिळाला. परंतु नमुना नवा हवा, ही अट. नारळी काठ, रुईफुली काठ, रुद्राक्ष काठ हे कोणी, कोठे, केव्हा प्रथम विणले? ज्याचा कर्ता सांगता येत नाही ते या कायद्याच्या लेखी सर्वांचे, म्हणजे कोणाचेच नव्हे. सबंध गावाच्या किंवा प्रांताच्या हातगुणाला नोंदवहीत जागा मिळण्यास भौगोलिक निर्देशांचा १९९९ चा कायदा यावा लागला, आणि तोही अंमलात आला २००३ मध्ये.

आता मुंबईकडे वळू. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये गिरणीची कंपनी काढली, १८५६ मध्ये तिचे चाक फिरले, आणि पुढल्या वीस वर्षांत परळ-ताडदेवच्या आभाळात इतकी धुराडी उभी राहिली की, १८७५ मध्ये गिरणीमालकांना आपला संघ स्थापावा लागला. या गिरण्यांचे सूत चीनपर्यंत जाई. कापड मूळजी जेठा मार्केटातून घाटावर, खानदेशात, माळव्यात, निजामच्या मुलखात पसरे. कोठे गिरणी आणि कोठे गिऱ्हाईक! मध्ये दलाल, अडते, घाऊक दुकानदार, आठवड्याच्या बाजाराचा फेरीवाला अशी माणसांची साखळी. तिच्या एका टोकाशी गुजराती बोलणारा मालक, दुसऱ्या टोकाशी वऱ्हाडी बोलणारी बाई, आणि दोघांमध्ये एकच समान भाषा, ती तिकिटाची.

हे तिकीट एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. कोऱ्या थानाची घडी घातल्यावर जो दर्शनी पदर येतो, त्याच्या मधोमध डिंकाने ते चिकटवलेले असे; दगडी छापाचे, सात-आठ रंगांचे, कडेला सोनेरी वर्ख. चित्र कृष्णाचे, लक्ष्मीचे, वाघाचे, मोराचे, आगगाडीचे, क्वचित् एखाद्या मडमेचे. खाली गिरणीचे वा पेढीचे नाव, कोपऱ्यात मालाचा नंबर, आणि तिकिटाच्या बाहेर थेट कापडावर निळ्या शाईचा शिक्का: इतके वार. पहिल्या धुण्याला खळ निघे आणि तिकीटही निघे. मँचेस्टरच्या मालात ही खळ इतकी, आणि तीत चिनी माती इतकी, की कापडाचा निम्मा भारदस्तपणा घाटावरच वाहून जाई, अशी जुन्या गृहिणींची तक्रार असे. दुकानात मात्र हात कापडावरून फिरायचा आणि डोळा तिकिटावर ठरायचा. पुष्कळ घरांत ही तिकिटे अलगद सोडवून घेऊन पेटीच्या झाकणाला आतून चिकटवीत, आणि देवाचे चित्र असले तर भिंतीवरही लावीत. रविवर्म्याने १८९४ मध्ये शिळाछापखाना काढला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या देवदेवतांच्या तसबिरींनी घरोघरच्या भिंती व्यापल्या, त्याच्या मागेपुढेच तिकिटांनीही तेच काम चालवले होते, हे आपल्या चित्रकलेच्या इतिहासकारांनी फार उशिरा ध्यानात घेतले.

जेथे चित्रावर विक्री अवलंबून, तेथे चित्राची चोरी व्हायचीच. मोराच्या जागी लांडोर, एका वाघाच्या जागी दोन वाघ, गिरणीच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे, असे प्रकार करणाऱ्यांच्या कल्पकतेला तोटा नव्हता. शिवाय तिकीट अस्सल आणि त्याखालचे कापड हलके, हाही मार्ग मोकळा होताच. याला कायद्याची आडकाठी अगदीच नव्हती असे नाही. १८६० च्या पिनल कोडात खोट्या व्यापारचिन्हाबद्दल एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होती, आणि १८८९ मध्ये, इंग्लंडात दोन वर्षांपूर्वी झालेल्या कायद्याच्या वळणावर, हिंदुस्थानचा मालचिन्हांचा कायदा आला. त्याच कायद्याने थानावर त्याची लांबी वारांत आणि इंग्रजी आकड्यांत छापणे सक्तीचे केले. वर सांगितलेला निळा शिक्का हे त्या सक्तीचेच अपत्य. आकडे इंग्रजीच का, असे कोणी विचारू नये. फौजदाराला वाचता आले पाहिजेत, हे एक कारण पुरेसे होते. घेणाऱ्या बाईला ते वाचता येत नव्हते आणि ती आपल्या हाताने कोपरापासून मापून घेई.

परंतु ही सर्व शिक्षेची व्यवस्था. छाप माझी आहे, हे आधी सिद्ध करून ठेवण्याची सोय कोठेच नव्हती. इंग्लंडात १८७६ पासून नोंदवही उघडली होती, आणि कापसाच्या मालाच्या छापा इतक्या अगणित आणि इतक्या एकमेकींत गुंतलेल्या निघाल्या की, त्यांच्याकरिता मँचेस्टरला निराळी व्यवस्था करावी लागली. येथे १८७९ च्या सुमारास मुंबईच्या गिरणीमालकांच्या मागणीवरून तसेच एक बिल पुढे आले आणि व्यापाऱ्यांच्याच विरोधापायी बारगळले. मागणारेही व्यापारी, मोडणारेही व्यापारी! विरोधाचे मर्म समजण्याजोगे आहे: ज्या छापा बाजारात दहा जण वर्षानुवर्षे वापरीत आले होते, त्या दहांतला एक जण उठून त्या आपल्या नावावर चढवून घेईल आणि उरलेले नऊ चोर ठरतील, ही धास्ती काही खोटी नव्हती. मग व्यापाऱ्यांनी आपापली वाट शोधली. गिरणीमालक संघाने सभासदांच्या छापांची आणि नंबरांची खासगी नोंद ठेवण्यास सुरुवात केली. सभासदांचे आपसांतले तंटे तेथेच तोडता येत. इतर लोक दस्तऐवज नोंदणीच्या कचेरीत जात, छापेचे तिकीट प्रतिज्ञालेखाला डकवून ते नोंदवून घेत, आणि मग वर्तमानपत्रात इशारा देत: अमुक छाप आमची असून तिची नक्कल करणाऱ्यावर इलाज केला जाईल. वस्तुतः अशा नोंदणीने कोणताही हक्क निर्माण होत नसे. ज्या कचेरीत खरेदीखते आणि गहाणखते नोंदत, तेथल्या कारकुनाला मोर आणि लांडोर यांतला वाद तोडण्याचा अधिकार नव्हता. फार तर अमुक तारखेस हा मनुष्य असे म्हणत होता, इतकाच त्या कागदाचा पुरावा. तरीही लोक मोठ्या भक्तिभावाने स्टॅम्प लावून ती नोंद करीत राहिले. सरकारी शिक्का उठला म्हणजे गोष्ट खरी झाली, हा आपल्या लोकांचा विश्वास कायद्याहून जुना आहे.

स्वदेशीच्या चळवळीने छापेचा अर्थच पालटला. त्याची पूर्वतयारी सार्वजनिक काकांसारख्यांनी फार आधी केली होती. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीच्या पोशाखात गेले, तेव्हा त्या पोशाखावर कोणतेही तिकीट नव्हते आणि त्याची गरज नव्हती. पण १९०५ नंतर, पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाल्यावर, गिऱ्हाईक दुकानात जाऊन कापडाचा पोत विचारण्याआधी त्याचा देश विचारू लागले. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर तिकीट देऊ शकते, त्याचे खोटे उत्तरही तेच देऊ शकते. विलायती थानावर देशी नाव, विलायती सुतापासून विणलेल्या धोतरावर ‘स्वदेशी’ हा शब्द, अशा तक्रारी सुरू झाल्या. देशभक्तीची छाप मारणे देशभक्त होण्यापेक्षा स्वस्त पडते, हे व्यापाऱ्यांच्या लगेच ध्यानी आले. पुढे पुढाऱ्यांची चित्रेही तिकिटांवर चढली. ज्यांनी उभ्या आयुष्यात आपल्या नावाने एक पैसा मिळवला नाही, त्यांच्या मुखवट्यावर थाने खपू लागली.

यातूनच खादीचा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर ज्या रीतीने मिळाले तो आपल्या कायद्याच्या इतिहासातला एक मासलेवाईक प्रसंग आहे. चरख्यावर काढलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले कापड म्हणजे खादी, हा अर्थ गांधीजींनी लोकांच्या मनात रुजवला. तो रुजताच गिरण्यांनी जाडेभरडे कापड काढून त्यालाही ‘खद्दर’ म्हणावयास आरंभ केला. ‘खद्दर’ हा शब्द कोणाच्याही मालकीचा नव्हता. त्याला कारखाना नव्हता, पेढी नव्हती, तिकीट नव्हते. सूत काढणाऱ्या लाखो बाया याच त्याच्या मालकिणी. तेव्हा १९३४ च्या पहिल्याच कायद्याने, खद्दर-नामसंरक्षणाचा कायदा या नावाने, असे ठरवून टाकले की, कापडाला ‘खद्दर’ वा ‘खादी’ म्हटले म्हणजे ते हिंदुस्थानात हाताने कातलेल्या सुताचे व हाताने विणलेले आहे असे ते मालवर्णन समजले जाईल, आणि मग १८८९ च्या कायद्याखाली खोटेपणाची शिक्षा आपोआप लागू होईल. हा कायदा झाला तेव्हा काँग्रेसच्या संस्था बेकायदा ठरलेल्या होत्या आणि खादीधारी माणसे तुरुंगांत होती. म्हणजे माणूस गजाआड, आणि त्याच्या अंगावरच्या कापडाचे नाव सरकारच्या संरक्षणाखाली! परकी राज्यातही कायद्याचे एक दालन दुसऱ्या दालनाला न विचारता आपले काम करीत असते, याचे इतके चोख उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

शेवटी १९४० मध्ये व्यापारचिन्हांचा कायदा झाला, आणि ज्याची गिरणीमालक साठ वर्षे वाट पाहत होते ती नोंदवही उघडली. त्यात कापडासाठी एक स्वतंत्र प्रकरण घालावे लागले, इतका हा बाजार इतरांहून निराळा होता. थानाच्या टोकाशी विणलेल्या रंगीत धाग्यांच्या नुसत्या ओळींवर कोणालाही मालकी सांगता येणार नाही, असे ठरले. कारण त्या ओळी सगळेच विणीत. नाकारलेल्या कापडछापांची एक निराळी यादीही ठेवण्यात आली. इतर देशांच्या कायद्यांत असे प्रकरण वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. मूळजी जेठा मार्केटात एक सकाळ काढलेल्याला वाटणार नाही.

आणि तरीही छापेचा खरा न्यायाधीश तोच राहिला, जो ‘बे हाथी’ मागत होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दोन औषधांच्या नावांचा वाद आला. ‘अमृतधारा’ हे औषध १९०१ च्या सुमारास लाहोरास निघाले होते आणि फाळणीनंतर डेहराडूनला आले. कानपूरच्या एका पेढीने १९२३ पासून ‘लक्ष्मणधारा’ चालवली होती. अमृताची धारा आणि लक्ष्मणाची धारा, समासाचा विग्रह केला की अर्थ उघड उघड भिन्न. संस्कृताच्या पंडिताने ती दोन नावे एका क्षणात दोन बाजूंना ठेवून दिली असती. न्यायालयाने म्हटले की, खेड्यातला सामान्य माणूस नावाची फोड करून तिचा व्युत्पत्त्यर्थ पाहत बसत नाही; तो ध्वनी ऐकतो, आणि अर्धवट आठवणीवर माल घेतो. त्यामुळे नावे सारखीच धरली गेली. मात्र अमृतधारेचे मालक दुसऱ्याचा व्यापार पाहूनही वर्षानुवर्षे गप्प बसले होते, म्हणून लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती नोंद मिळाली. मालक झोपला की छापही झोपते, ही यातली व्यवहाराची बाजू. समासविग्रहाची बंदी ही मात्र, निदान माझ्यासारख्या शाळेत तर्खडकरांचे व्याकरण घोकलेल्या माणसाला, मनापासून हसवून गेली.

आमच्या आजोळी देवघरात, समईच्या काजळीने एका बाजूला काळवंडलेली, गजलक्ष्मीची एक तसबीर होती: मध्ये कमळावर लक्ष्मी, दोहों बाजूंस सोंडेत घट घेतलेले दोन हत्ती. एका वर्षी दिवाळीच्या झाडलोटीत तिची काच फुटली, आणि आजीने ती नव्या काचेसाठी माझ्याबरोबर गावातल्या तसबिरी मढवणाऱ्याकडे पाठवली. त्याने चौकट उघडली, कागद बाहेर काढला, आणि चौकटीच्या कडेखाली इतकी वर्षे दडलेली पट्टी प्रथमच उजेडात आली: इंग्रजीत एका गिरणीचे नाव, गुजरातीत तेच, आणि उजव्या हत्तीच्या पायाखाली पाच आकडी नंबर. मागच्या बाजूला डिंकाचे पिवळे डाग होते. चौकट एका बाजूने कुजली होती, तेव्हा ती थोडी लहान करावी लागेल आणि त्यासाठी खालची ती अक्षरांची पट्टी कापून टाकतो, असे तो म्हणाला. मी घरी येऊन आजीला विचारले. तिने क्षणभर विचार केला आणि सांगितले, “नको, देवाचं काही कापू नये. दुसरी मोठी चौकट घे म्हणावं.” तेव्हा जास्तीचे सहा आणे देऊन मोठी चौकट घेतली, आणि तो नंबर होता तेथेच, हत्तीच्या पायाखाली, नव्या काचेमागे स्वच्छ दिसू लागला.